मेंढा आत्ता घेऊ नका

रेडिओवरून साऱ्या देशाला "मेंढा आत्ता घेऊ नका" असं ठणकावून सांगून नाझिहाबाई घरी आल्या, कुलपाला किल्ली लावली, दार ढकललं, आणि समोर मेंढा उभा.

मेंढा चांगला धष्टपुष्ट होता. शिंगं वळलेली, लोकर दाट, नजर शांत. त्यानं नाझिहाबाईंकडे पाहिलं, तोंडातला घास चावून संपवला आणि पुन्हा दाराशेजारच्या कुंडीत मान घातली. त्या कुंडीत सकाळपर्यंत पुदिना होता.

"झुहैर!"

झुहैर म्हणजे त्यांचे यजमान. ते स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले. निवृत्त होईपर्यंत ते शाळेत मुलांना पोहायला शिकवायचे. माणूस आडदांड, पण बायकोची या सुरातली हाक ऐकली की त्यांचे खांदे आपोआप आत जात.

"आलीस? झकास झाला कार्यक्रम. मी अथपासून इतिपर्यंत ऐकला."

"कुठे ऐकलास?"

झुहैरनी जरा विचार केला आणि खरं ते सांगून टाकलं. "मेंढ्यांच्या बाजारात."

"मी काय सांगत होते रेडिओवर?"

"आत्ता घेऊ नका."

"मग?"

"तू म्हणालीस, 'माझ्या श्रोत्यांनो'. मी कुठे श्रोता? मी नवरा." नाझिहाबाईंच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "अगं, नुसतं बघायला गेलो होतो. पण हा माझ्याकडे असा बघायला लागला ना... आणि भाव इतका कमी सांगितला त्यानं, की मला सोडवेना."

"कमी सांगणारच! आणखी कमी होणार आहे! तेच तर सांगतेय ना मी!"

नाझिहा मज़गानी हे नाव ट्युनिसमध्ये कुणाला माहीत नाही असं नव्हतं. अर्थशास्त्र हा विषय प्राध्यापकांच्या तावडीतून सोडवून त्यांनी भाजीच्या टोपलीत आणून ठेवला होता. दिनार घसरला म्हणजे काय, व्याज वाढलं म्हणजे काय, हे त्या टोमॅटो, अंडी आणि हरीसा या तिखट चटणीच्या डब्यांवरून समजावून सांगत. वर्तमानपत्रात त्यांचं सदर होतं, रेडिओवर सकाळचा कार्यक्रम होता, आणि 'टोपलीतलं अर्थशास्त्र' या त्यांच्या पुस्तकाच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या होत्या की प्रकाशकानं घराला रंग दिला होता. आपलं काही चुकतंय असं त्यांना कधीच वाटत नसे. त्यांच्या मते त्यांचा अंदाज नेहमी बरोबरच असे. घडणाऱ्या गोष्टींना कधी कधी यायला उशीर होई, इतकंच.

या वर्षी मोठ्या ईदच्या, म्हणजे कुर्बानीच्या ईदच्या, आधी त्यांनी मेंढ्याचा प्रश्न हाती घेतला होता. त्यांचं म्हणणं सोपं होतं. मेंढेवाल्याला ईद झाल्यावर मेंढा नको असतो. तोवर चारा घालायचा, पाणी दाखवायचं, उन्हात राखण करायची. ईद जवळ येते तसा तो हळूहळू मऊ पडतो. तेव्हा सगळ्यांनी दम धरायचा. आदल्या दिवशी बाजारात जायचं आणि हसत हसत मेंढा घेऊन यायचं. अट एकच. सगळ्यांनी थांबायचं. एकानं घाई केली, की दुसरा घाबरतो, दुसरा घाबरला की तिसरा धावतो, आणि सगळ्यांचं वाटोळं होतं.

सुरुवात त्यांनी घरापासून केली होती. ट्युनिसजवळच्या हम्माम-लिफमधली त्यांची इमारत छोटीशी. आदल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या बिऱ्हाडांना खालच्या दाराशी गोळा केलं आणि शब्द घेतला. तिथे बाईमाणसाला आदरानं 'लल्ला' म्हणतात आणि पुरुषाला 'सी'. तळमजल्यावरच्या लल्ला दौजांनी तेवढी कुरकुर केली. "नातवंडं रोज विचारतात गं. समोरच्यांचा मेंढा आला, आपला कधी?" त्यावर नाझिहाबाईंनी सांगितलं, "त्यांना म्हणावं, थांबणं हीसुद्धा कमाई आहे." मग लल्ला दौजांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं, वरच्या मजल्यावरच्या सी तय्यिबनी ठेवला, पहिल्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यानं एकमेकांचे हात धरून कबूल केलं. ते पाहताना नाझिहाबाईंना भरून आलं होतं.

आणि आता त्यांच्याच घरात मेंढा पुदिना खात होता.

"परत देऊन ये."

"तो गाडीवाला गेला कधीच. रिकामी गाडी घेऊन गेला."

"वर कसा आणलास?"

"चादरीत गुंडाळून. कडेवर."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. जिना अगदी चिडीचूप होता. सगळ्यांची दारं बंद."

नाझिहाबाईंनी पर्स खाली ठेवली. "ठीक आहे. आदल्या दिवसापर्यंत हा इथे नाही. आदल्या दिवशी तू सगळ्यांबरोबर बाजारात जायचंस, आणि येताना सगळ्यांबरोबर हा घेऊन यायचास."

"बाजारात नेऊन परत आणू?"

"त्यात काय झालं? माल बाजारात आला की त्याला किंमत येते."

गॅलरीत ठेवावा तर समोरच्या चारही खिडक्यांतून दिसणार. म्हणून मेंढा न्हाणीघरात गेला. तिथे त्याला फरशी थंड लागली असावी, कारण तो लगेच बसला. घरातल्यांची सोय काय, हा प्रश्न पुढचा. झुहैरनी समुद्रावर जाऊन आंघोळ करायची असं ठरलं, ते त्यांना आवडलंच. नाझिहाबाई हम्मामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीत, जाणार होत्या. दोघंही इतक्या वेळा ओल्या केसांनी जिना चढताना दिसू लागली, की पहिल्या मजल्यावरच्या नव्या नवरीनं "तुमच्याकडे पाणी येत नाही का हो?" असं विचारलंसुद्धा.

मेंढा आला त्याच दुपारी लल्ला दौजा वर आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेल्या भट्टीतल्या गरम रोट्या.

"घे गं. आत्ताच काढल्यात. सकाळी ऐकलं हो तुझं रेडिओवर. काय बोललीस! सुनेला म्हटलं, बघ, आपल्या जिन्यातली बाई आहे ही, आणि सारा देश..."

"ब्याँऽऽऽ!"

लल्ला दौजा थांबल्या. स्वयंपाकघरात चमचा पडल्याचा आवाज झाला.

"हे काय?"

उत्तर सुचलं नाही असा प्रसंग नाझिहाबाईंवर आजवर आला नव्हता, तो आताही आला नाही. "झुहैर," त्या म्हणाल्या.

"झुहैर?"

"घसा बिघडलाय त्याचा. खोकला आला की असा आवाज निघतो."

इतक्या वर्षांच्या संसारात झुहैरना काय शिकायला मिळालं असेल तर ते हे, की नाझिहानं काही सांगितलं की ते खरं करून दाखवायचं. स्वयंपाकघरातून "ब्याँ" असा आवाज आला. जरा बारीक होता, पण मनापासून काढलेला होता.

लल्ला दौजांचा चेहरा एकदम बदलला. त्या रागावतील, आत डोकावतील असं वाटत होतं, पण त्यांच्या तोंडावर चक्क सुटकेचा भाव आला. "अगं बाई! मग ते दोन दिवस मी ऐकतेय ते झुहैरचंच होय!"

"दोन दिवस?" नाझिहाबाईंना जरा आश्चर्य वाटलं. मेंढा तर आज सकाळी आला होता.

"झुहैरच! दुसरं कोण असणार?" असं म्हणून लल्ला दौजा, गुडघे दुखत असूनही, पटापटा जिना उतरून गेल्या.

"पटलं त्यांना," नाझिहाबाईंनी दार लावत म्हटलं. "माणसाला जे पटवून घ्यायचं असतं ते तो पटवून घेतो. यावर मी पूर्ण प्रकरण लिहिलंय."

संध्याकाळपर्यंत झुहैरच्या घशाची बातमी इमारतभर झाली होती, आणि नवल म्हणजे एकालाही शंका आली नाही. उलट जो तो त्या घशाला धरूनच बसला. लल्ला दौजांनी रानातल्या थाइमचा काढा पाठवला. नव्या जोडप्यानं मध पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सी तय्यिब स्वतः ऑलिव्हच्या तेलात मुरवलेल्या अंजिरांची बरणी घेऊन आले. ते जकात खात्यातून निवृत्त झालेले. चेहरा असा, की समोरच्याला आपली बॅग उघडून दाखवावीशी वाटावी.

"सी झुहैर, आज पहाटे जो मोठा आवाज आला, तो तुमचाच ना?"

झुहैर पहाटे समुद्रात होते. पण नाझिहाबाईंनी त्यांना कोपर मारलं. "माझाच," ते म्हणाले.

"आणि काल रात्रीच्या जेवणाच्या वेळचा?"

"तोही."

"अल्लाह बरं करो," सी तय्यिब फार समाधानानं म्हणाले. "खोकत राहा. दाबून ठेवू नका. दाबलं की छातीत उतरतं."

जूनच्या उकाड्यात गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून झुहैर बसून राहिले. काढा प्यायले, मध चाटला, तेलकट अंजिरं गिळली. मेंढा ओरडला की लगेच त्यावर ओरडायचं, हे त्यांचं काम. मेंढ्याला हा संवाद आवडू लागला. इतका वेळ तो एकटा होता, आता त्याला कुणीतरी उत्तर देत होतं. तो अधिकच बोलू लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी झुहैरनी तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा बाहेर आली.

"काय झालं?" नाझिहाबाईंनी विचारलं.

झुहैरनी गळ्याकडे बोट दाखवलं. घसा खरोखरच बसला होता.

"आत्ताच बसायचा होता?" नाझिहाबाई म्हणाल्या. तेवढ्यात आतून मेंढा ओरडला. झुहैरनी बायकोकडे पाहिलं. नाझिहाबाईंनी छताकडे पाहिलं. सारा देश ज्या आवाजाला मान द्यायचा, त्या आवाजात त्यांनी दाराच्या दिशेनं तोंड करून एकदाच, पण स्पष्ट, "ब्याँ" म्हटलं.

त्याच वेळी बेल वाजली.

दारात सी तय्यिब होते, त्यांच्या मागे काढ्याचं भांडं धरून लल्ला दौजा होत्या, आणि दोघांच्या मधून पुढे घुसणारा एक उत्साही तरुण. "हा माझा पुतण्या, डॉक्टर वजदी," सी तय्यिब म्हणाले. त्यांचा आवाज पडलेला होता. "मी नको नको म्हणत होतो. पण ऐकेना."

"काका, असं काय करता!" डॉक्टर वजदी म्हणाला. कान, नाक, घसा या विषयात त्यानं नुकतीच पदवी घेतली होती आणि इमारतीत पाऊल टाकल्यापासून त्याच्या कानावर हेच पडत होतं. "माणसाच्या घशातून मेंढ्याचा आवाज! माझ्या प्राध्यापकांनीही असा रुग्ण पाहिला नसेल. बसा सी झुहैर. आ करा."

"आता बरं आहे त्याला," नाझिहाबाई म्हणाल्या.

"हो, बरं आहे," लल्ला दौजांनी लगेच दुजोरा दिला. "तपासायचं काय त्यात? घसा म्हटलं की आवाज यायचाच. रोज येऊ दे. ईद झाली की थांबेल."

"ईदचा काय संबंध?" डॉक्टरनं विचारलं. लल्ला दौजा काढ्यावर फुंकर घालू लागल्या. त्यानं झुहैरना खिडकीजवळ बसवलं, खिशातून बॅटरी काढली, चपट्या काडीनं जीभ खाली दाबली आणि आत डोकावला. "सूज आहे. लाल आहे. हं, आता काढा बरं तो आवाज."

झुहैरनी प्रयत्न केला. काही निघालं नाही.

"घाबरू नका. जोर लावा."

"ब्याँऽऽऽऽ!"

डॉक्टर वजदी तसाच वाकून राहिला. बॅटरी झुहैरच्या तोंडात, काडी जिभेवर. "जीभ हलली नाही," तो हळूच म्हणाला. "ओठही हलले नाहीत. आवाज... कानामागून आल्यासारखा वाटला."

"घरात प्रतिध्वनी फार आहे," नाझिहाबाई म्हणाल्या.

आणि प्रतिध्वनी आला. वरून. सी तय्यिबच्या घरातून, छतातून, अगदी जाड आणि खणखणीत: "ब्याँऽऽ!"

सी तय्यिब जोरजोरात खोकू लागले. त्यांचं खोकणं ऐकून तळमजल्यावरून कुणीतरी कोवळ्या आवाजात उत्तर दिलं. लल्ला दौजांनी "भांडं गरम आहे गं, कुठे ठेवू?" असं मोठ्यानं विचारायला सुरुवात केली, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून तिसरा आवाज आला. मग न्हाणीघरातून. मग पुन्हा वरून. मग सगळे मिळून.

डॉक्टर वजदीनं बॅटरी विझवली. तो गंभीर झाला होता. "ही साथ दिसतेय," तो म्हणाला.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. शेवटी लल्ला दौजांनी काढ्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि कोचावर बसल्या. "घेतला मी," त्या म्हणाल्या. "जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत आहे. आता मार मला."

"लल्ला दौजा! तुम्ही?"

"मीच. नातीनं दोन वेळा जेवण सोडलं गं. तिसऱ्या वेळेला मीच सोडलं."

"सी तय्यिब?"

सी तय्यिबच्या चेहऱ्यावर, आजवर त्यांनी ज्यांच्या बॅगा उघडल्या असतील त्या सगळ्यांची अवस्था एकदम उतरली. "आमच्या झोपायच्या खोलीत आहे," ते म्हणाले. "बायको मुलीकडे झोपायला जाते."

"कधी आणलात?"

"आपण खाली जमलो होतो ना, त्याच दिवशी."

"म्हणजे शब्द दिल्यावर?"

सी तय्यिबनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही. शब्द देत होतो तेव्हा तो बाहेर गाडीत होता."

झुहैर हसू लागले. आवाज नसल्यामुळे त्यांचे नुसते खांदे हलत होते. नाझिहाबाईंनी त्यांच्याकडे एक नजर टाकली, मग त्या उठल्या, न्हाणीघरापाशी गेल्या आणि दार सताड उघडलं. मेंढा सावकाश बाहेर आला. त्याच्या तोंडात नाझिहाबाईंचा चांगला टॉवेल होता.

लल्ला दौजांनी आधी मेंढ्याकडे पाहिलं, मग नाझिहाबाईंकडे. "अगं चोरटे!" त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्यांचं पाणी पिऊन झाल्यावर नाझिहाबाईंनी विचारलं, "पण मला सांगायचं होतंत. मी काय फाडून खाल्लं असतं?"

"कसं सांगणार?" लल्ला दौजा म्हणाल्या. "तू इतकं मनापासून समजावलंस. इतकं सोपं करून सांगितलंस. मला म्हातारीला शब्द न् शब्द समजला. खोटं नाही सांगत, सुनेला मी जसंच्या तसं समजावून दिलं. पण समजलं म्हणून काय मेंढा आणायचा नाही?"

नाझिहाबाईंनी पंधरा वर्षं लिहिलं होतं. वाचकांची पत्रं आली होती, मानपत्रं मिळाली होती, एकदा मंत्र्यानं चहाला बोलावलं होतं. पण आपल्या लिखाणाचा परिणाम इतक्या थोडक्यात त्यांना कुणी सांगितला नव्हता. त्यांना राग यायला हवा होता. पण ही सगळी माणसं आपल्यासाठी अडगळीत, झोपायच्या खोलीत मेंढे लपवून बसली, कारण आपलं मन मोडू नये, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि राग कुठे ठेवला होता ते त्यांना सापडेना.

संध्याकाळी सगळे मेंढे गच्चीवर गेले. पोरांनी त्यांच्या शिंगांना रंगीत फिती बांधल्या. झुहैरनी पाईननट घातलेला चहा केला आणि खुणांनी सगळ्यांना वाटला. डॉक्टर वजदी मात्र कोपऱ्यात हिरमुसून बसला होता; त्यानं प्राध्यापकांना फोन करून रुग्ण कळवला होता.

नाझिहाबाई प्रत्येकाजवळ जाऊन विचारत होत्या, "केवढ्याला पडला?" आणि प्रत्येकजण अभिमानानं भाव सांगत होता. सगळ्यांचे भाव कमी होते. गेल्या वर्षीपेक्षा कमी, त्यांनी स्वतः आदल्या दिवसासाठी वर्तवला होता त्याहूनही कमी. हे काही जुळत नव्हतं. लोकांनी थांबायचं ठरवलं असतं, तर भाव उतरला असता. इथे तर कुणीच थांबलं नव्हतं. सगळे आधीच धावले होते. मग भाव चढायला हवा होता. उतरला कसा? नाझिहाबाई गच्चीच्या कठड्याला टेकून बराच वेळ बूकर्निनच्या डोंगराकडे बघत राहिल्या. चूक त्यांची नव्हती, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण ती कुणाची होती, ते कळायला हवं होतं.

ईदच्या आदल्या सकाळी त्या स्टुडिओत निघाल्या तेव्हा झुहैर दारापर्यंत आले. आवाज अर्धामुर्धा परतला होता.

"सांगणार आहेस?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"अर्थात. मी खरं सांगते म्हणून लोक माझं ऐकतात."

"ऐकतात?" झुहैर कुजबुजले. नाझिहाबाईंनी दार जरा जोरातच लावलं.

कार्यक्रमाचा निवेदक नौफल हा गोड गळ्याचा मुलगा होता आणि नाझिहाबाईंसमोर तो नेहमी ताठ बसायचा. लाल दिवा लागला. नाझिहाबाईंनी चष्मा काढला आणि घरात मेंढा दिसल्यापासून गच्चीवरच्या चहापर्यंत सगळं सांगून टाकलं, न्हाणीघरासकट. आपण स्वतः काढलेला आवाज तेवढा त्यांनी गाळला. "तर श्रोत्यांनो," त्या शेवटी म्हणाल्या, "आमच्या इमारतीत एकानंही माझं ऐकलं नाही. आता मला तुमच्याकडून ऐकायचंय. न घाबरता सांगा."

फोनचे सगळे दिवे एकदम लागले.

बिझर्तच्या एका बाईंनी मेंढा माहेरी लपवला होता, कारण नवरा नाझिहाबाईंचा भक्त होता. नवऱ्यानं दुसरा आणून तिच्या माहेरीच लपवला, तेव्हा दोघांची गाठ पडली. एका टॅक्सीवाल्यानं पुढच्या सीटवर मेंढा बसवून त्याला पट्टा लावला होता. सफाक्सहून एक व्यापारी बोलले आणि त्यांनीही आधीच घेतल्याचं कबूल केलं, तेव्हा नाझिहाबाईंना फार लागलं. त्यांचं माहेर सफाक्सचं. तिथला माणूस पैशाच्या बाबतीत घाई करतो हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"नौफल," त्यांनी मध्येच विचारलं, "तू?"

नौफलनं कागद सारखे केले. "आईच्या गच्चीवर आहे, लल्ला."

"देशात एक माणूस नाही?" नाझिहाबाई माइकमध्ये म्हणाल्या. "माझं ऐकणारा एकसुद्धा नाही?"

तेवढ्यात एक फोन लागला. मागे वाऱ्याचा आवाज होता, ओरडून बोलणारा माणूस होता.

"हाय की! म्या ऐकलं! हॅलो? म्या मबरूक बोलतोय, सिदी बूझीदच्या वरल्या अंगाचा. लल्ला नाझिहा, तुमचं म्या शबुद न् शबुद ऐकलं आन् तसंच वागलो."

नाझिहाबाई खुर्चीत सरळ झाल्या. "बघा! मबरूक, तुम्ही थांबलात?"

"थांबतोय कशाला? म्या मेंढेवाला हाय."



"तुम्ही म्हनलात, शेवटाला भाव पडनार. म्या म्हनलं, बाई शिकलेली हाय, टोपलीचं पुस्तक लिवलंय, उगा बोलायची न्हाई. शेवटाला पडनार तर आपन शेवटापतूर थांबावं कशापायी? समदे मेंढे गाडीत घातले, राजधानीला नेले आन् मिळंल त्या भावाला देऊन टाकले. म्याच न्हाई, आमच्या अंगाचे समदेच. गाडीत तुमचा कार्यक्रम लावूनच बसतो आमी."

"म्हणजे," नाझिहाबाई सावकाश म्हणाल्या, "भाव पडला!"

"पडला की. आमच्या अंगावर पडला."

"म्हणजे मी म्हटलं तसंच झालं. फक्त आधी झालं."

"आन् आज बाजारात मेंढा न्हाई. एखादा हाय त्येचा भाव ऐकून मानूस खाली बसतोय. म्या शेवटापतूर थांबलो असतो तर..."

नौफलच्या डोक्यात हे सगळं हळूहळू उतरत होतं. "लल्ला, म्हणजे ज्यांनी तुमचं ऐकलं नाही त्यांना मेंढा स्वस्तात मिळाला. आणि ज्यांनी ऐकलं, ते..."

"म्हणजे देशाला मेंढा स्वस्त मिळाला, आणि तो माझ्यामुळे," नाझिहाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पुन्हा भरदार झाला होता. पण मग त्यांनी माइककडे पाहिलं, त्यात लपलेल्या त्या एकुलत्या एक विश्वासू माणसाकडे पाहिल्यासारखं, आणि त्यांना गलबलून आलं. "मबरूक, तुम्ही रागावलात माझ्यावर?"

"म्या न्हाई. घरची रागावलीय. इथं शेजारीच हुबी हाय." मागे एका बाईचा आवाज आला. तो कुणी रेडिओवर ऐकू नये असाच होता. "ती म्हनतीय, राग न्हाई, फकस्त एक इचार त्या बाईला. पुढल्या सालाला काय सांगनार हाय, ते आमाला आगूदर कळवलंत तर लई बरं हुईल."

नाझिहाबाईंनी मनाशी हिशेब मांडून पाहिला. थांबा म्हणावं, तर विकणारे घाई करणार. घाई करा म्हणावं, तर विकणारे अडून बसणार. आणि घेणारे? ते काहीही सांगितलं तरी चादरीत गुंडाळून मेंढा घरी आणणार. पुढल्या वर्षीचा मेंढ्यांचा सगळा बाजार त्यांच्या जिभेवर येऊन बसला होता, आणि पलीकडे एक गाव कान टवकारून उभं होतं.

मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि माइक अगदी तोंडाजवळ घेतला.

"सांगते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मबरूक, हे आपल्या दोघांतच राहू द्या हं."

नौफलनं आवाजाची कळ शेवटपर्यंत वर सरकवली.